आवाजापेक्षा लहान

आमचं साहाफिना एवढंसं आहे.
पहाटे भात चुलीवरून उतरवून निघालं
तर तो निवेपर्यंत
या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत येता येतं,
वाटेत पोटऱ्यांवरच्या जळवा काढूनसुद्धा.

फाटकावर पाटी आहे, राष्ट्रीय उद्यान.
त्यातलं राष्ट्रीय पावसानं नेलं,
उद्यान तेवढं उरलंय.

आत झाडाएवढे नेचे,
केवड्याच्या कुळातली काटेरी पानं,
पानांच्या बेचक्यात साठलेलं पाणी
आणि त्या वाटीभर पाण्यात
सगळा संसार करणारा नखाएवढा बेडूक.
बाहेर निलगिरी. सरळ, घाईची झाडं.
आणि रस्त्याकडेला कोळशाची पोती,
तोंडात गवत कोंबलेली.

आणि बाबाकुतु.
काळापांढरा, शेपूट असून नसल्यासारखं,
खोडाला मिठी मारून बसतो
तर वाटतं कोणी म्हातारा खांब धरून
उठावं की नाही ते ठरवतोय.
आमच्यात त्याला मारत नाहीत.
दाखवायचा झाला तरी बोट दुमडून दाखवतात.

ऊन शेंड्यांना लागलं की ओरडतो.
एकटा नाही, जोडीनं.
एकानं ओढलेला सूर संपायच्या आत
दुसरीनं उचलायचा,
दोरखंड वळावा तसा.

राजधानीहून फानिलु आली होती, शिकणारी मुलगी,
कानाला यंत्र लावून महिनाभर चिखलात बसली.
म्हणाली, तुदिसुआ, आवाज जातो तीन किलोमीटर.
आणि उद्यान?
रुंदीला दोन.
मग ती बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिली.

उरलेला एक किलोमीटर
तो आवाज रोज कुंपणाबाहेर जातो
आणि भाताच्या खाचरांवर,
शेपटीनं माश्या वारणाऱ्या झेबूंवर
सांडून संपतो.

पूर्वेचा उतार माझ्या वडिलांनी तोडला.
तेव्हा उद्यान नव्हतं.
मी होतो, आणि मला भूक होती.

गेल्या थंडीत पूर्वेच्या जोडीतली मादी गेली.
पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरली आम्ही.
कार्यालयाच्या नियमात हे बसत नाही,
कापडाचे पैसे म्हणून मागितले नाहीत.
नर कित्येक दिवस गप्प.
मग एका सकाळी ओरडला,
एकटाच.
तिचा सूर यायचा तिथं थांबला.
तेवढी जागा सोडली,
आणि पुढचं म्हटलं.

असंच चाललं, बहुतेक तीन महिने.
मग एकदा त्या सोडलेल्या जागेत
उत्तर आलं.
बाहेरून. निलगिरीच्याही पलीकडून.

मी धावलो.
तारेत सदरा फाटला, ओढ्यात एक चप्पल गेली,
डोक्यात एकच,
कुठून आली असेल, कसं ओलांडलं तिनं एवढं उघडं रान.

कसाव्याच्या वाफ्यात वडील उभे होते.
दोन्ही हात तोंडाशी, डोळे मिटलेले,
मानेच्या शिरा तटतटलेल्या.
सूर वर चढला, फाटला,
शेवटी खोकला आला त्यांना,
गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ खोकत राहिले.
मी निलगिरीमागे उभा.
ती झाडं इतकी बारीक,
की लपायलाही पुरत नाहीत.
तरी त्यांनी पाहिलं नाही, किंवा
पाहिलं नाही असं दाखवलं.

परत आत आलो. नर झाडावर होता, गप्प.
फसला नव्हता.
इतकी वर्षं बायकोला ऐकलेला असा फसत नाही.
पण मान त्याच बाजूला होती.

नोंदवहीत रकाने आहेत:
वेळ, दिशा, संख्या, शेरा.
मी लिहिलं, पूर्व. हद्दीबाहेर. एक.
वय अंदाजे एकाहत्तर.
फानिलु खोडेल. खोडू दे.

घरी आलो तेव्हा वडील आधीच पानावर बसले होते.
घसा पार बसलेला.
भात गार झाला होता.
मीठ मागितलं त्यांनी,
तेही खुणेनं,
बोट दुमडून.